डावीकडे चालणारी मुलगी

माझ्या घरात थंडी पडते तेव्हा बाहेर लोक घामाने निथळत असतात. कॅलेंडरवाल्यांना पुढच्या वर्षाची चित्रं या वर्षीच्या उन्हाळ्यात हवी असतात, म्हणून पंखा पाचवर ठेवून मी धुकं रंगवते, आणि ऐन थंडीत दोन स्वेटर चढवून कलिंगडाच्या फोडी. मुलांच्या एका मासिकात माझं एक पान असतं, वर चित्र आणि खाली कविता. तेही दोन महिने आधी पोचवावं लागतं. दुकानांच्या काचाही मी रंगवते, त्यांचं याच्या अगदी उलट. ऋतू बदलल्याचं सगळ्या दुकानदारांना एकाच सकाळी कळतं, आणि मग प्रत्येकाला ती काच कालच रंगवून हवी असते. या ओढाताणीत कधी कधी माझा काटा सरकतो. एकदा भर उन्हात मी शेजारणीला म्हणाले होते, की यंदा थंडी जायचं नाव घेत नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत जाऊन गार पाण्याचा तांब्या घेऊन आली.

माझ्या नणंदेचं माझ्याबद्दल ठाम मत आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. ती खोटं बोलत नाही, पण त्या चिंध्या मी निवडून घेतलेल्या आहेत. नोकरी धरली असती तर एकाच रंगाचं अख्खं ठाण मिळालं असतं आणि ते मला शोभलं नसतं. मला माझं काम येतं, आणि चांगलं येतं. उगाच मान खाली घालून बोलायची मला सवय नाही.

एकच गोष्ट राहून गेली होती आणि ती मला टोचायची. माझं स्वतःचं पुस्तक. माझी मुलगी, जिला आम्ही घरात ठकी म्हणतो, चार वर्षांची असताना फिरायला नेली की परत फिरायला तयार नसायची. "पुढे काय आहे" हा तिचा एकच प्रश्न. कोपरा आला की पुढचा कोपरा. शेवटी मी तिला काखोटीला मारून आणायचे आणि ती रस्ताभर मला लाथा झाडायची. त्यावरून मी एक गोष्ट लिहिली होती. रस्ता कुठे जातो ते बघायला एक मुलगी निघते. उन्हातून, पावसातून, थंडीतून चालत राहते. रस्त्याच्या शेवटी तिला एक दार लागतं. तिच्या खिशात एक किल्ली असते, कशाची ते तिलाही ठाऊक नसतं. ती किल्ली दाराला लावते, आणि गोष्ट संपते.

गोष्ट चांगली होती. पण दर वर्षी कुणाचा तरी उन्हाळा नाहीतर कुणाची तरी थंडी मधे यायची आणि माझी मुलगी कपाटात वाट बघत बसायची. तेवढ्यात कपाटाबाहेरची मुलगी मोठी झाली, शिकली, आणि तिला दूरच्या शहरात नकाशे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली.

त्याच सुमाराला एका प्रकाशनाच्या संपादकबाईंनी माझं मासिकातलं पान पाहून फोन केला. वयाने लहान, पण कामाला पक्क्या. गोष्ट त्यांना आवडली. "शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तक दुकानात हवं, ताई," त्या म्हणाल्या. "मुलांच्या पुस्तकांचाही सीझन असतो. तो हुकला तर मग पुढच्या वर्षी बघू." आयुष्य सीझनवर काढलेल्या बाईला "बघू" या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी हो म्हटलं. कॅलेंडर चालू होतं, मासिकाचं पान चालू होतं, वर काचांचा हंगाम तोंडावर आलेला. तरी हो म्हटलं. या वेळी नाही झालं तर ते पुस्तक कधीच होणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

ठकीच्या जाण्याबद्दल मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की मी रडणाऱ्यातली आई नाही. रडायचं खातं ठकीच्या बाबांकडे होतं. ते शाळेत गणित शिकवतात. घरभर खोकी मांडून ते त्यांवर सुवाच्य अक्षरात "पुस्तकं", "भांडी", "किरकोळ" असं लिहीत, आणि मधेच एखाद्या खोक्यापाशी चष्मा पुसत उभे राहत. मी त्यांना म्हणायचे, "अहो, मुलगी नोकरीला चाललीय, वनवासाला नाही." खरं सांगायचं तर मला ठकीच्या जाण्यात सुखाच्याच गोष्टी दिसत होत्या. पहिली म्हणजे बेल. या मुलीने जन्मात कधी घराची किल्ली जवळ बाळगली नाही. दिलेल्या सगळ्या हरवल्या. खाली रिक्षातून उतरली की वर येऊन बेलवर जे बोट ठेवायची, ते दार उघडेपर्यंत उचलायचीच नाही. माझे दोन्ही हात रंगात, तोंडात ब्रश, आणि मी आतून ओरडतेय, "आले, आले, बोट काढ आधी." अशा घाईत माझी किती चित्रं बिघडली ते मलाच माहीत.

आता काचांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. दुकानाची काच आतून रंगवायची असते. बाहेरून रंगवली तर पावसाने रंग ओघळतो आणि येणारा-जाणारा नखाने खरवडतो. आतून रंगवायची म्हणजे सगळा उलटा कारभार. अक्षरं उलटी, माणसं उलटी, रंगांचा क्रमसुद्धा उलटा: डोळ्यातली चमक आधी, मग बुबुळ, मग चेहरा, आणि सगळ्यांत शेवटी मागची भिंत. कच्चं चित्र मी घरून बटरपेपरवर काढून नेते. दुकानात पोचले की कागद पालथा करायचा आणि मागून दिसणाऱ्या रेघा काचेवर उतरवायच्या. इतकी वर्षं हे केल्यावर बटरपेपर हातात आला की तो पालथा होतोच. त्याला विचार लागत नाही.

त्या हंगामात सकाळी काचा आणि दुपारी पुस्तक असा माझा दिवस होता. चपलांच्या दुकानाची काच सगळ्यांत मोठी. तिथले मालक खुर्ची टाकून माझ्यामागे बसत आणि सूचना करत.

"पेंटरबाई, ते बूट दाराकडे चालले पाहिजेत हं. मागच्या वर्षी चष्मेवाल्याच्या काचेवरचा माणूस माझ्या दुकानाकडे बघत होता, तर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं."

"तो माणूस बरोबर बघत होता. तुमच्याकडे सेल होता."

"तेच म्हणतो मी. माणूस कुठे चाललाय यावर सगळा धंदा आहे."

मी उलटे बूट रंगवून, ते बाहेरून दाराकडे चालताहेत ना हे रस्त्यावर जाऊन बघून, घरी यायचे. हात धुवायचे, चहा प्यायचे, आणि पुस्तकाला बसायचे. पुस्तकाची कच्ची चित्रंही बटरपेपरवरच होती, कारण माझ्याकडे दुसरा कागद असतोच कुठे. ती मी जाड कागदावर उतरवून रंगवत गेले. त्या चित्रांतला रस्ता म्हणजे माझी चैन होती. रस्ताभर दुकानं आणि प्रत्येक दुकानावर पाटी. "येथे छत्र्या दुरुस्त होतील." "आत या, बाहेर ऊन आहे." "मालक जेवायला गेले आहेत, परत येतील असे वाटते." पाट्यांची अक्षरं कच्च्या चित्रात नव्हती, ती मी थेट रंगात लिहिली. दिवसभर उलटी अक्षरं काढल्यावर सुलटं लिहायला मिळणं म्हणजे पायातला घट्ट बूट काढल्यासारखं वाटतं. चित्र वाळलं की खणात टाकायचं, कारण भिंतीवर लावलं तर कॅलेंडरच्या धुक्याचे शिंतोडे उडायचे. शेवटचं चित्र संपलं तेव्हा मी खुशीत होते. सगळी चित्रं स्कॅन करून संपादकबाईंना पाठवली आणि त्या दिवशी दुपारी चक्क झोपले.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. ठकी रविवारी निघणार होती, त्यामुळे घर नुसतं खोक्यांनी भरलेलं.

"ताई, चित्रं फार सुंदर आहेत," संपादकबाई म्हणाल्या. "मी ऑफिसात सगळ्यांना दाखवली. एकच विचारू?"

"विचारा."

"ती परत का चाललीय?"

"कोण?"

"मुलगी. गोष्टीत ती निघालीय, रस्ता बघायला. चित्रात मात्र ती सारखी परत येतेय."

मी फोन तसाच कानाला धरून खणातली चित्रं काढली आणि जमिनीवर मांडली. पहिल्या चित्रात मुलगी हिरव्या दाराच्या घरातून निघालेली. डावीकडे. पुढच्यात छत्र्यांच्या दुकानावरून. डावीकडे. पावसात, डावीकडे. थंडीत, टोपी घालून, डावीकडे. आपण वाचतो डावीकडून उजवीकडे, आणि पान उलटतो ते उजवीकडून. पुस्तकात पुढे जाणारं माणूस उजवीकडे तोंड करून चालतं. डावीकडे चालणारं माणूस परत येत असतं. हे शेंबड्या पोरालाही न शिकवता कळतं, आणि मी ते काचेवर वर्षानुवर्षं पाळत आले होते. बूट दाराकडे गेले होते. माझी स्वतःची मुलगी मात्र मी सगळी पानं पालथी करून ठेवली होती.

"सोपं आहे, ताई," संपादकबाई समजुतीने म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर चित्रं फिरवून घेऊ."

"आणि पाट्या?"

पाट्या सुलट्या होत्या. चित्र फिरवलं की एकूण एक पाटी उलटी होणार.

"त्या पुसून टाइप करून घेऊ. छान फॉन्ट आहेत आमच्याकडे."

"फॉन्ट," मी म्हटलं. मी फक्त तेवढाच शब्द उच्चारला, पण तो त्यांना लागला असावा.

"मग नव्याने काढायला किती दिवस लागतील?"

"महिना. जास्तच."

"सोमवारी फाइल छपाईला जायचीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोमवारी सकाळपर्यंत काहीतरी सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी..."

"बघू," मी वाक्य पुरं केलं आणि फोन ठेवला.

ठकीचे बाबा "किरकोळ" लिहिलेलं खोकं सोडून माझ्याजवळ आले आणि चित्रांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पानांचा क्रमही उलटा कर. उणे गुणिले उणे, अधिक."

"मग थंडीनंतर पाऊस येईल आणि पावसानंतर उन्हाळा. मी कॅलेंडरवाली बाई आहे, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"हो, ते आहे," म्हणून ते पुन्हा खोक्याकडे गेले.

तेवढ्यात बेल. थांबेचना. मी जाऊन दार उघडलं. ठकी नवी बॅग घेऊन आली होती. तिने चपला भिरकावल्या, जमिनीवरची चित्रं पाहिली आणि उकिडवी बसली. मी तिला एका दमात सगळं सांगितलं: काच, बटरपेपर, सोमवार. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"चुकून झालं?" तिने विचारलं.

"मग काय मुद्दाम?"

"नाही म्हणजे, सगळीच्या सगळी पानं. एकदाही लक्षात नाही आलं?"

"दिवसभर उलटं काम करून डोळे फिरतात माणसाचे. तू कर एकदा."

"आई," ती म्हणाली, "मनी वसे ते स्वप्नी दिसे. मी अजून गेलेही नाही आणि तू मला परत आणून बसवलंस."

मला असा संताप आला की हातातलं फडकं मी सिंकमध्ये फेकलं. या मुलीची नोकरीची कागदपत्रं मी भरून दिली होती. तिची खोली मी फोनवरून मालकिणीशी भांडून ठरवली होती. आणि तिने मला त्या रडक्या आयांच्या रांगेत उभं करावं? मी तिला तसं सुनावलंही. ती म्हणाली, "बरं बाई, बटरपेपरची चूक." हे तर जास्तच झोंबलं, कारण ती मला सोडून देत होती.

पण डोकं तापलं की माझं चांगलं चालतं. दुपारी जेवण झाल्यावर मी पेन घेऊन बसले. चित्रं बदलता येत नाहीत, तर गोष्ट बदलायची. चित्रकार आणि लेखक एकच असल्याचा एवढा तरी फायदा हवा. चित्रात मुलगी परत येतेय ना, मग येऊ दे. पहिल्या चित्रातलं हिरव्या दाराचं घर आत्याचं करायचं. सुट्टीला आत्याकडे राहिलेली मुलगी आता घरी निघालीय. दारात उभी असलेली बाई म्हणजे आत्या. ऋतू जागच्या जागी. शेवटी दार, आणि दाराआड आई. मी सरसर लिहीत गेले. एकही पाटी वाया जात नव्हती. "परत येतील असे वाटते" तर फारच चपखल बसत होती. चहाच्या वेळेपर्यंत गोष्ट तयार होती आणि, सांगायला हरकत नाही, पहिलीपेक्षा बरी होती. मी दोघांना बोलावलं आणि एकेक चित्र दाखवत वाचून दाखवली. शेवटचं वाक्य होतं, "दाराआड आई वाटच बघत होती."

ठकीच्या बाबांनी चष्मा काढला. त्यांचं मत मला कळलं.

ठकी मात्र पहिलं चित्र हातात घेऊन बसली होती. "ही आत्या?"

"हो."

"हिच्या अॅप्रनला रंग लागलेत."

"लागू देत. आत्याही रंगवत असेल."

"आपली आत्या? तिने आयुष्यात भिंतीला चुना लावला नाही. आणि हिच्या कानामागे ब्रश आहे, आई. ही तू आहेस." तिने ते चित्र खाली ठेवून शेवटचं उचललं. थंडीतली सकाळ, रस्त्याच्या टोकाला एक अरुंद दार, आणि दारापाशी टोपी घातलेली मुलगी. "आणि ही तुझ्याकडे येत नाहीये."

"का? दार आहे, ती आहे..."

"तिच्या हातात किल्ली आहे," ठकी म्हणाली. "तुझ्याकडे येत असती तर बेल वाजवली असती."

मी चित्र तिच्या हातातून घेतलं. किल्ली मीच रंगवली होती, पितळेचा रंग दोनदा बदलून. ती मुलगी दारापाशी घाबरून उभी नव्हती. दमलेली होती, पाय ओले होते, पण जिची किल्ली असते ती जशी दाराशी उभी राहते तशी ती उभी होती. एक खांदा आधीच दाराकडे वळवून. ती घरीच आली होती. फक्त ते घर माझं नव्हतं.

"मी परत येणार नाही असं नाही म्हणत मी," ठकी घाईने म्हणाली. "पण येईन ती तुझ्याकडे चार दिवस राहायला येईन. कळतंय का तुला? रागावू नकोस."

"रागावलेली नाहीये," मी म्हटलं आणि गॅलरीत गेले. तिथे चपलांच्या दुकानाचे रंगाचे डबे वाळत ठेवले होते. मी त्या डब्यांमध्ये उभी राहून रडले. सरळ, नाक ओढत, जसं रडायचं असतं तसं. मला ती जायला हवी होती आणि मला ती घरात हवी होती, आणि हे दोन्ही इतकं खरं होतं की त्यातलं एक खोडून दुसरं ठेवायची सोय नव्हती. खाली रस्त्यावर लोक आपापल्या दिशेने चालले होते. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग मी तोंड धुतलं आणि कामाला बसले, कारण सोमवार कुणासाठी थांबत नाही.

आत्या काढून टाकली. वाट बघणारी आई काढून टाकली. जिथे जिथे मुलगी "परत" येत होती तिथला "परत" काढला. उरलं ते फार थोडं होतं, आणि ते चित्रांवर असं बसलं की जणू आधीपासून तिथेच होतं. पहिल्या पानावर मी लिहिलं, "एक मुलगी आईच्या घरून आपल्या घरी निघाली." शेवटच्या पानावर काहीच लिहिलं नाही. किल्ली पुरेशी होती.

रविवारी सकाळी टेम्पो आला. ठकीचे बाबा तिच्याबरोबर जाणार होते, तिथे फळ्या ठोकून द्यायला. मी जाऊ शकत नव्हते. चष्मेवाल्याची काच अर्धी राहिली होती आणि संपादकबाईंना फाइल द्यायची होती. खोकी चढली. ठकीने मला मिठी मारली तेव्हा तिच्या नव्या शर्टला माझ्या बाहीवरचा पिवळा रंग लागला. ती म्हणाली, "लावलास ना शेवटी." मी म्हटलं, "साबणाने जाईल." टेम्पो वळेपर्यंत मी दारात उभी होते. कानामागे ब्रश होता की नाही ते आता आठवत नाही, पण असणारच.

सोमवारी संपादकबाईंचा फोन आला. बराच वेळ त्या गोष्टीबद्दल बोलल्याच नाहीत, कागदाबद्दल, बांधणीबद्दल बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, मी काल माझ्या आईला फोन केला. काही काम नव्हतं, उगाच." आणि पुढे म्हणाल्या, "पाट्यांना हात लावणार नाही आम्ही."

ठकीचे बाबा बुधवारी परतले. खोली चांगली आहे म्हणाले, खिडकी पूर्वेला आहे, फळ्या तिरक्या झाल्यात पण पडणार नाहीत. मग त्यांनी खिशातून एक किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. नवीकोरी, अजून कडा खरखरीत.

"तुझ्यासाठी करून घेतलीय तिने. म्हणाली, आईला सांगा, कधीही ये, फक्त बेल वाजवत बसू नकोस. मी कामात असते."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि कॅलेंडरला बसले. पुढच्या वर्षीचं धुकं अजून पुरं व्हायचं होतं.

पुस्तक वेळेत आलं. शाळा उघडायच्या आत, दुकानात, दर्शनी भागात. नणंदेने चार प्रती घेतल्या आणि मला विचारलं, "यात मी कुठे आहे?" मी म्हटलं, "होतात तुम्ही, एका दुपारपुरत्या." ती खूश झाली की नाही ते कळलं नाही. चपलांच्या दुकानाच्या मालकांनी पुस्तक चाळून पाहिलं आणि मान हलवली. "पेंटरबाई, मुलगी बरोबर चाललीय हं," म्हणाले. त्यांनी एक प्रत काचेत बुटांशेजारी ठेवली.

काचांचा हंगाम ओसरला, मासिकाचं पान गेलं, आणि एका मोकळ्या शुक्रवारी मी ठकीला न कळवता बसमध्ये बसले. पिशवीत पुस्तक होतं. दुसऱ्याच्या हातांत मी ते बघितलं होतं, तिच्या हातात अजून नव्हतं. पोस्टाने पाठवायला मी साफ नकार दिला होता. पत्ता विचारत विचारत गेले. अरुंद जिना, तिसरा मजला, दारावर तिच्या बाबांच्या सुवाच्य अक्षरात तिच्या नावाची पाटी. पाटी किंचित तिरकी होती. मी ती सरळ केली.

आतून तिचा आवाज येत होता, फोनवर कुणाला तरी कुठला तरी रस्ता समजावून सांगत होती. सरळ जा, मग डावीकडे. मी पर्समधून किल्ली काढली आणि कुलपापर्यंत नेली. लावली असती तर लागली असती. पण हे घर तिचं होतं आणि मी पाहुणी होते, आणि पाहुण्यांनी कसं यायचं ते मला तिनेच शिकवलं होतं. मी किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली, बेलवर बोट ठेवलं, आणि उचललंच नाही.

आत काहीतरी धाडकन पडलं. पावलं धावत आली.

"आले, आले," माझी मुलगी आतून ओरडत होती. "बोट काढ आधी."